चीजच्या काउंटरसमोरचं निळं स्टूल

“यांना चीज हवंय की चीजचा जन्मदाखला?”

माझ्या मागे ट्रॉली घेऊन उभ्या असलेल्या बाई नवऱ्याच्या कानात म्हणाल्या आणि दोघंही हसले. मी समोरच्या शेल्फवरून बिस्किटांचा एक पुडा उचलला आणि त्याच्या मागची बारीक अक्षरं वाचायला लागले. ती बिस्किटं मला चालत नाहीत. दीड वर्षापासून गव्हाचं काहीच चालत नाही. पण तोंड लपवायला बिस्किटांचा पुडा चालतो. माझ्यापासून पंधरा पावलांवर, गिरगाव चौपाटीच्या बाजूच्या त्या चकचकीत दुकानात, चीजच्या काचेच्या काउंटरसमोर एक सत्तरीची बाई घरून आणलेल्या निळ्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसली होती. मांडीवर स्टीलचा डबा, खांद्यावर ओला नॅपकिन, आणि नजर काउंटरमागच्या सुरीवर. पाऊण तास ती तशीच बसून होती. गिऱ्हाईकं तिला वळसा घालून जात होती. हिचं करायचं काय, हे दुकानात कोणालाच कळत नव्हतं. ती तिथे का बसली आहे हे फक्त मला माहीत होतं, कारण तिला तिथे मीच घेऊन आले होते.

या शहरात कोण कशाकशाची राखण करत असेल ते असो. पण दुसऱ्याच्या पोटात जाणाऱ्या घासावर आमच्या समोरच्या काकीएवढा कडक पहारा आजवर कोणी दिला नसेल. आमचं लालबागचं घर म्हणजे चाळ पाडून उभ्या केलेल्या इमारतीतला बाविसावा मजला. चाळीत काकीची खोली आमच्या शेजारी होती, आता तिचं दार आमच्या दारासमोर आहे. नात्याने ती आमची कोणी नाही. आई तिला काकी म्हणते, मीही काकीच म्हणते, आणि लिफ्टमन तर तिला काकी म्हटल्याशिवाय बटण दाबत नाही. इतर सगळ्यांच्या दारांना आता काचेचा डोळा आहे, दुहेरी कुलपं आहेत. काकीचं दार सकाळी दूध आलं की उघडतं ते रात्रीच्या बातम्या संपेपर्यंत उघडंच. “बंद दाराच्या आत एकतर आजारी माणूस आसता, नायतर चोर,” असं ती म्हणते. सोडतीत बाविसावा मजला मिळाला म्हणून आमच्याकडे दोन दिवस कोणी धड जेवलं नव्हतं. काकी मात्र पहिल्याच दिवशी खिडकीत उभी राहिली, डोळे मिटून तिने एक मोठा श्वास घेतला आणि समाधानाने म्हणाली, “येता हो वास. डंकाचो वास हयपर्यंत येता.” आम्हीही श्वास घेऊन पाहिला. आम्हाला फक्त नव्या रंगाचा वास आला.

डंक म्हणजे मिरच्या-मसाले कुटायची लोखंडी मुसळांची यंत्रं. आमच्या लालबागेत त्यांची अख्खी गल्ली आहे. उन्हाळ्यात मिरच्या वाळल्या की घरोघरच्या बायका तिथे रांगा लावतात. तिथली रीत अशी, की आपला मसाला कुटला जात असताना आपण समोर बसायचं. उठायचं नाही. उठलं की कोणाची तरी स्वस्तातली मिरची आपल्यात आलीच म्हणून समजा. बाकीच्या बायका आपापल्या घराचा मसाला कुटेपर्यंत बसतात. काकी परळपासून करी रोडपर्यंतच्या निम्म्या घरांच्या वतीने बसायची. ज्यांना नोकरीमुळे जमत नाही, ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना शिंका आवरत नाहीत, ते सगळे आपल्या मिरच्यांची पिशवी काकीच्या उघड्या दारातून आत सरकवून द्यायचे. मग काकी निळं स्टूल घेऊन डंकासमोर ठाण मांडायची. नाकाला ओला नॅपकिन, डोळे सताड उघडे. पाणी नाही, चहा नाही. आधीच्या गिऱ्हाइकाचं उखळीत चिकटलेलं निघून जावं म्हणून ती सगळ्यांत आधी मूठभर धणे कुटायला लावायची आणि ती पूड डंकवाल्याच्या हातावर ठेवून म्हणायची, “पयली मूठ डंकाची.” त्यानंतरच आपला मसाला. एकदा एका घराचा तीन किलो मसाला कुटून, चाळून, पिशवीत भरून झाल्यावर तिने चिमूटभर हुंगला आणि डंकवाल्याला विचारलं, “हेच्यात चक्रीफूल कोणाचा?” त्याने शपथा घेतल्या. शेवटी शेजारच्या डंकावरची बाई कबूल झाली की तिच्या सुपातून एक पाकळी उडाली होती. एक पाकळी!

स्वतःच्या पुतण्याच्या साखरपुड्यालाही ती डंकावरून थेट गेली होती. कारण ‘घाडींची मिरची अर्धी कुटून झालेली’ आणि अर्धी टाकून उठणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. हिरव्या साडीवर लाल धूळ घेऊन ती हॉलमध्ये शिरली, तशी दारापासून स्टेजपर्यंत शिंकांची एक लाट गेली. नवरा मुलगा अंगठी घालताना तीन वेळा शिंकला. फोटोग्राफरने कॅमेरा ठेवून डोळे पुसले. आणि काकी पहिल्या रांगेत बसून कौतुकाने म्हणत होती, “बघा, सगळ्यांच्या डोळ्यात पाणी इला.”

छापील अक्षरांवर तिचा विश्वास नाही. “छापणाऱ्याचा काय जाता?” हा तिचा सवाल. माणसांवर मात्र तिचा पटकन विश्वास बसतो, फक्त त्याआधी गाव कळायला हवं. गॅसवाला, डॉक्टर, लिफ्ट दुरुस्त करायला आलेला इंजिनीअर, सगळ्यांना पहिला प्रश्न “गाव खंयचा?” उत्तर कोकणातलं आलं तर त्याला सोलकढी. दुसरीकडचं आलं तरी सोलकढी, पण सहानुभूतीने. 

अशा बाईसमोर मी राहते, आणि माझा स्वभाव तिच्या बरोबर उलट. आमच्या इंग्रजी शाळेत आवाज खाली ठेवणं हे सभ्यपणाचं पहिलं लक्षण मानलं जायचं, आणि तो एकच धडा मी इतका चांगला पाठ केला की अजून विसरता आलेला नाही. टॅक्सी चुकीच्या गल्लीत वळली तर मी तिथेच उतरून चालत जाते. त्यामुळे दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी मला सिलियाक असल्याचं सांगितलं, म्हणजे गव्हातलं ग्लुटन कणभर जरी पोटात गेलं तरी आतडं आजारी पडतं असं समजावलं, तेव्हा आजाराची भीती मला नंतर वाटली. आधी हीच भीती वाटली की आता हे प्रत्येक ठिकाणी सांगावं लागणार. म्हणून मी कुठेच सांगितलं नाही. ऑफिसात केक कापला की माझा तुकडा टिश्यूत गुंडाळून ड्रॉवरमध्ये जायचा. लग्नात ‘आत्ताच खाऊन आले’. एका नातेवाइकांकडे तर ‘आज उपास आहे’ म्हणाले आणि त्यांनी वार विचारल्यावर मला तो आठवेना.

काकीला हे आईकडून कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी इमारतीच्या ग्रुपवर तिचा आवाज आला. ती लिहीत नाही, बोलूनच पाठवते आणि दर वेळी आकाशवाणीसारखी आधी स्वतःची ओळख करून देते. “मी बाविसाव्या मजल्यावरची काकी बोलतंय. सगळ्यांनी ऐका. आमच्या समोरच्या चेडवाच्या पोटात गहू रवणा नाय. सत्यनारायणाचो प्रसाद, वाढदिवसाचो केक, काय्येक देव नकात. दिलास तर माझ्याशी गाठ आसा.” चेडू म्हणजे मुलगी. म्हणजे मी. एकशे चाळीस घरांना माझ्या आतड्याची बातमी पोचली. खाली अंगठे उमटले, हात जोडलेले उमटले, नवव्या मजल्यावरच्या काकांनी गुलाबांचा गुच्छ पाठवून लवकर बरं वाटो अशी प्रार्थना केली. पुढचे दोन दिवस मी बावीस मजले जिन्याने उतरले, लिफ्टमध्ये कोणी विचारू नये म्हणून.

“काकी, तू कशाला सांगितलंस सगळ्यांना?” मी तिला विचारलं. खूप चिडून विचारलं होतं, पण माझं चिडणंसुद्धा समोरच्याला नीट ऐकू जात नाही.

“मग कोण सांगतला? तू?” ती म्हणाली आणि मासे निवडायला लागली.

तिच्या लेखी ग्लुटन हा एक माणूस होता. वाईट वळणाचा, न बोलावता घरात घुसणारा, बहुधा घाटावरच्या गावचा. “तो मेलो ग्लुटन” याच नावाने ती त्याचा उल्लेख करायची. तांदूळ दळायला ती स्वतः गिरणीत जाऊ लागली, गिरणी उघडायच्या वेळी, गव्हाचं पहिलं दळण पडायच्या आत. दगड झाडून घ्यायची, पहिली मूठ गिरणीवाल्याला. माझा तवा वेगळा झाला, माझी पळी वेगळी. तरीही तीन महिन्यांनी रक्त तपासलं तेव्हा जो आकडा खाली यायला हवा होता तो वरच होता. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, “बाहेर काही खातेस का लपून?” आईनेही तसंच बघितलं. मी मान हलवली. मला पुन्हा पोटात कळा यायला लागल्या होत्या, केस गळत होते, जिना चढताना दम लागत होता. काकी रोज मुगाचं कढण करून पाठवत होती, आणि ते प्यायलं की का कोण जाणे, जास्तच दुखायचं.

तेव्हा काकीने आमचा मिसळणाचा डबा ओट्यावर उपडा करायला लावला. एकेक वाटी हुंगली. हळद, मोहरी, जिरं, सगळं तिच्या ओळखीचं. हिंगापाशी थांबली. “ह्यो बंद डबीतलो. हेच्यात काय आसा, वाच.” मी वाचलं. हिंग, डिंक आणि गव्हाचं पीठ. हिंगात गव्हाचं पीठ असतं हे आम्हा कोणालाच माहीत नव्हतं. काकी तिच्या घरी गेली, स्वतःची हिंगाची डबी घेऊन आली आणि माझ्यासमोर धरली. तीच कंपनी. तेच पीठ. महिनाभर ती रोज जे कढण पाठवत होती, त्याला हिंगाची फोडणी होती.

त्या दिवशी काकीचं दार दुपारीच बंद झालं. आमच्या मजल्यावर हे पहिल्यांदाच घडत होतं. आईने दोनदा बेल वाजवली. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा तिचे डोळे डंकावरून आल्यासारखे लाल होते. “चाळीस वर्सां डंकार बसलंय,” ती म्हणाली. “कोणाच्या मसाल्यात कोणाचा काय जावक दिलंय नाय. आणि माझ्या हातान तुका...” मग नॅपकिन खांद्यावर टाकत म्हणाली, “आता तू काय काय खातंस तां सगळा माका सांग. एकूण एक.”

हिंग बदलल्यावर आकडा थोडा उतरला, पण पुरेसा नाही. म्हणजे तो मेलो ग्लुटन अजून कुठूनतरी येत होता. माझ्या खाण्याच्या यादीत आता भात, भाकरी, मासे, भाज्या, फळं एवढंच उरलं होतं. आणि शुक्रवारचं चीज. हे मी तिला शेवटी, जरा नाइलाजानेच सांगितलं. ऑफिस सुटल्यावर दर शुक्रवारी मी गिरगावातल्या त्या मोठ्या दुकानात जायचे आणि काउंटरवरून चीजचा एक तुकडा कापून घ्यायचे. आठवडाभर तो पुरवून खायचे. माझ्या सगळ्या दिवसांत तेवढी एकच गोष्ट अशी होती, जिच्यासाठी कोणाला काही समजावून सांगावं लागत नव्हतं. मी काचेवर बोट ठेवायचे, ते कापून द्यायचे. एक शब्द बोलायची गरज नाही.

“चीज दुधाचं असतं काकी. त्यात गहू नसतो.”

“हिंगात तरी खंय होतो?” ती म्हणाली.

मग बिनग्लुटनच्या चीजचा शोध सुरू झाला. पहिल्यांदा आमच्या नाक्यावरच्या वाण्याकडे, जो तिला लहानपणापासून घाबरतो. “काकी, चीजमध्ये गहू कोण घालेल? वेडा आहे का कोण?” तो हसत म्हणाला. “हिंगात मैदो घालतत तां तुका म्हायत होता?” तिने विचारलं. त्याने आतून सगळी पाकिटं आणून काउंटरवर मांडली. मी वाचत गेले, काकी ऐकत गेली. एकावर लिहिलं होतं की हे जिथे बनतं तिथे गव्हाचे पदार्थही बनतात. “बघलंस? एकाच उखळीत,” काकी म्हणाली. दुसऱ्या दिवशी दादरला. तिथल्या सेल्समनने मोठ्या अभिमानाने एक परदेशी पाकीट काढलं, ज्यावर ठळक अक्षरांत ‘ग्लुटन फ्री’ लिहिलेलं होतं. मला वाटलं, संपलं एकदाचं. काकीने ते पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

“पयल्यापासून नसतोच, मग लिवूक कित्याक लागलो?” तिने त्याला विचारलं. “‘मी दारू पिणंय नाय’ असा कपाळार लिवून फिरणारो जावई तुका चलात?”

सेल्समनला मुलगी असावी. त्याने ते पाकीट विचारपूर्वक परत ठेवलं.

मी तिला म्हटलं, घेऊया ना हेच, बरं असेल. पण काकीला नवीन चीज नकोच होतं. जे मी इतके दिवस खात होते, त्याचं काय झालं हे तिला कळायला हवं होतं. डंकावर चूक झाली तर ती मसाला टाकून नवा आणत नाही. कोणाच्या सुपातून काय उडालं ते शोधते. “माका तुझा शुक्रवारचा दुकान दाखव,” ती म्हणाली. तिच्या हातात तेव्हाच निळं स्टूल होतं.

तर अशी ती तिथे बसली होती. आणि मी दुकानात शिरताच “काकी, तू जा पुढे, मी आलेच” म्हणून बिस्किटांमागे लपले होते.

काउंटरमागचा माणूस पन्नाशीचा होता, काळी टोपी, काळे हातमोजे. पहिल्यांदा तो तिच्याशी हिंदीत बोलला. तिने गाव विचारलं. तो कणकवलीचा निघाला. मग तो टोपी सरळ करून “बसा हां मावशे, पण जरा कडेक,” एवढंच म्हणाला, आणि स्टूल जागेवर राहिलं. पाऊण तासात तिने दहा गिऱ्हाईकं पाहिली. पिवळं चीज, पांढरं चीज, भोकं असलेलं चीज. सगळं स्वच्छ, सगळं चकचकीत. मग एक बाई आल्या आणि त्यांनी काचेमागचा लसणाचा पाव कापून मागितला. त्या माणसाने पाव फळीवर ठेवला, सुरीने सहा काप केले, सुरी फडक्याला पुसली. पुढचं गिऱ्हाईक चीजवालं. तीच फळी. तीच सुरी.

काकी उभी राहिली. “गावलो!” ती ओरडली. “गावलो मेलो!”

तो आवाज डंकांच्या गल्लीत चार यंत्रं चालू असताना ऐकू जावा म्हणून तयार झालेला आवाज होता. वातानुकूलित दुकानात तो कसा वाटला असेल ते मी सांगू शकत नाही. एका माणसाच्या हातून काचेची बरणी निसटली. चोर सापडला असं वाटून वॉचमन धावत आला. मागून मॅनेजर आले, टाय लावलेले, तरुण, घाबरलेले. “काय झालं? कोण सापडलं?” त्यांनी हिंदीत विचारलं. काकी सुरीकडे बोट दाखवून म्हणाली, “दूध गायचा हो, माका म्हायत आसा. पण सुरी कोणाची?”

मॅनेजरना काहीच कळलं नाही. त्यांनी सभोवार पाहिलं आणि मोठ्याने विचारलं, “यांच्याबरोबर कोण आहे?” सगळे एकमेकांकडे बघायला लागले. वॉचमन बिस्किटांच्या शेल्फकडे आला. मी एकटीच तिथे इतका वेळ उभी होते. “मॅडम, तुम्ही आहात का त्यांच्याबरोबर?”

मला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. एक अक्षर. ट्रॉलीवाल्या बाई माझ्याकडे बघत होत्या. मी हातातल्या पुड्याकडे बघितलं, आणि बघतच राहिले. 

पंधरा पावलांवरून काकीने माझ्याकडे पाहिलं. अगदी क्षणभर. मग मॅनेजरकडे वळून तिने शांतपणे सांगितलं, “माझ्याबरोबर कोण नाय. मी एकटीच इलंय.”

पुढचं सगळं तिने एकटीने केलं. घरात एक आजारी चेडू आहे, पावाचा कणभर चुरा लागला तरी ते आठवडाभर आडवं होतं, हे तिने मालवणीत सांगितलं, कणकवलीकराने हिंदीत सांगितलं आणि मॅनेजर त्यावर इंग्रजीत दिलगीर झाले. नवी फळी आली, सुरी गरम पाण्याने धुतली गेली, न फोडलेला चीजचा गोळा आतून आणला गेला. काकी हे सगळं स्टुलावर बसून बघत होती. पहिला काप पडताच तिने हात वर केला. तो काप उचलून वॉचमनच्या हातावर ठेवला. “पयली मूठ दुकानाची,” ती म्हणाली. बाकीचं स्टीलच्या डब्यात गेलं आणि डब्याचं झाकण तिने तळहाताने दोनदा ठोकून बसवलं, मसाल्याच्या डब्याचं बसवते तसं. त्या दिवसापासून त्या काउंटरवर पावाची सुरी वेगळी झाली, लाल मुठीची. इंग्रजी शिकलेली मी दर शुक्रवारी तिथे उभी राहून जे विचारू शकले नव्हते, ते तिने इंग्रजीचं एक अक्षर न वाचता शोधून काढलं होतं.

बाहेर बसस्टॉपवर मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. तिने स्टूल माझ्या हातात दिलं, डबा माझ्या पिशवीत ठेवला. काही तरी बोलेल म्हणून मी वाट बघत होते. लालबाग येईपर्यंत ती त्या वॉचमनबद्दलच बोलत होती. बिचारा बिहारचा, सोलकढी कधी प्यायलेला नाही.

पुढच्या तपासणीत आकडा उतरला. त्याच्या पुढच्या तपासणीत आणखी. ग्रुपवर आवाज आला, “मी बाविसाव्या मजल्यावरची काकी बोलतंय,” आणि एकशे चाळीस घरांना माझ्या आतड्याची बातमी पुन्हा पोचली. या वेळी मी लिफ्टने उतरले. सोळाव्या मजल्यावरच्या दोन अनोळखी बायकांनी माझं अभिनंदन केलं.

या उन्हाळ्यात डंकासमोर काकी नाही. चाळीस वर्षांची मिरचीची धूळ तिच्या छातीत बसली आहे, डॉक्टरांनी मसाल्याच्या हवेपासून लांब राहायला सांगितलं. ती कुडाळजवळ भावाकडे राहायला गेली. जाताना स्टूल आमच्या स्वयंपाकघरात ठेवून गेली. “माका थय स्टूल कित्याक? थय पायरी आसा.” तिच्या दाराला आता बाहेरून कुलूप आहे, आणि आमचा मजला इतर मजल्यांसारखा दिसतो. आई परवा म्हणाली की यंदाचा मसाला काहीतरी वेगळाच लागतोय. अधूनमधून तिचा आवाज येतो, माझ्या एकटीच्या फोनवर, पण सुरुवात तीच, बाविसाव्या मजल्यावरची काकी बोलतंय. मजला सोडून सहा महिने झाले तरी.

गेल्या शुक्रवारी मी तिचा स्टीलचा डबा घेऊन गिरगावच्या त्या दुकानात गेले. काउंटरमागे तोच माणूस होता. पण लाल मुठीची सुरी दिसत नव्हती, आणि फळीवर कसलातरी चुरा होता. गर्दी होती. माझ्या मागे सहा-सात माणसं. माझं बोट सवयीने काचेकडे गेलं, तिथे टेकलंसुद्धा. मग मी ते मागे घेतलं.

“फळी बदला,” मी म्हणाले. “सुरी धुऊन घ्या. मला गव्हाचा आजार आहे, पावाचा कण लागला तरी चालत नाही. आणि पहिला काप मला नको, तो दुकानाचा.”

सुरीकडे गेलेला त्याचा हात थांबला. त्याने टोपी वर सरकवून माझ्याकडे नीट पाहिलं, मग डब्याकडे पाहिलं. दाराशी उभा असलेला वॉचमनही वळला होता.

“ती स्टूलवाली मावशी,” तो म्हणाला, “तुमची कोण?”

“माझी काकी,” मी म्हणाले, आणि माझा आवाज पार बिस्किटांच्या शेल्फपर्यंत गेला. “त्या दिवशी ती एकटी आली नव्हती. मी होते तिच्याबरोबर.”